नव्या टाकीत मासे पुन्हा पुन्हा मरतात: धुणं थांबवा, आधी पाणी तपासा

तक्रार साधारण अशी असते. दोन फुटी टाकी आणली, वाळू घातली, फिल्टर बसवला, पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सहा-आठ मासे सोडले. चार दिवस सगळं छान. पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन धापा टाकायला लागले, खाणं सोडलं, आणि दहाव्या दिवसापर्यंत दोन गेले. मग घाबरून टाकी रिकामी केली. वाळू बादलीत चोळून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढरा केला, पाणी सगळं नवं भरलं. उरलेले मासे दोन-तीन दिवस टवटवीत दिसले आणि आठवड्याभरात पुन्हा तेच सुरू झालं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीचा वाघोलीहून फोन आला. "काका, आज परत दोन गेले. टाकी तर परवाच धुतली होती." तिची ही तिसरी खेप होती. पहिल्या दोन खेपांना तिला घरात आणि शेजारी सांगितलं गेलं होतं की मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं, दुसरा आणून सोड. ही समजूत मनाला धीर देते हे मी समजू शकतो. पण तिच्यामुळे मासा कशाने मेला हे कोणी शोधतच नाही, आणि पुढचा मासा त्याच पाण्यात जातो.

आधी हा तोच प्रकार आहे का, ते ठरवा. पाणी बदलल्यावर काही तासांतच मासे तडफडले असतील तर क्लोरीन किंवा तापमानातला मोठा फरक हे कारण असण्याची शक्यता जास्त. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर तो वेगळा रोग. एकाच माशाचे पर कुरतडलेले असतील तर दुसरा मासा त्याला त्रास देतोय. पण टाकी नवी किंवा नुकतीच पूर्ण धुतलेली असेल, आणि पाचव्या दिवसापासून महिन्याभरात वेगवेगळ्या जातींचे मासे एकामागून एक जात असतील, तर टाकी सायकल झालेली नाही असं धरून चाला.

सायकल म्हणजे काय

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. तळ्यात किंवा नदीत पाणी भरपूर असतं आणि अमोनिया खाणारे जिवाणू दगडागोट्यांवर आधीपासून बसलेले असतात. तुमच्या ५० लिटरमध्ये यातलं काहीच नाही. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषं आहेत. नायट्रेट त्यांच्या मानाने सौम्य. आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

अडचण अशी की हे जिवाणू फार सावकाश वाढतात. कुजवणारे साधे जिवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना कित्येक तास, अनेकदा दिवसभर किंवा त्याहूनही जास्त लागतो. म्हणून रिकाम्या टाकीत ही वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. पहिल्या दीड-दोन आठवड्यांत अमोनिया चढतो, तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं, तेही उतरलं की काम झालं. पाचव्या दिवशी पाणी दुधाळ दिसतं ते त्या जलद वाढणाऱ्या जिवाणूंमुळे. ते आपोआप निवळतं, त्यासाठी पाणी ओतून देण्याची गरज नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. हे उपयोगी जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते स्पंजला, वाळूला, काचेला, लाकडाला चिकट थर करून बसतात. म्हणून टाकीतलं निम्मं पाणी बदललं तरी वस्तीला फारसं काही होत नाही. स्पंज नळाखाली धुतला की मात्र ती मरते किंवा वाहून जाते. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात ते जिवाणू मारण्यासाठीच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं असं म्हटलेलं आहे. पुतणीने प्रत्येक वेळी पाण्याबरोबर विरजणाचं भांडंही घासून ठेवलं होतं. दही लागणार कुठून?

आज रात्री मासे धापा टाकत असतील तर

खाणं बंद करा. दोन-तीन दिवस उपाशी राहून धडधाकट मासा मरत नाही, आणि जे खाणं पडतच नाही त्याचा अमोनिया होत नाही. घरात चार माणसं असतील तर प्रत्येकाला सांगा, कारण आजोबा सकाळी, मुलं शाळेतून आल्यावर आणि तुम्ही रात्री असे तीन वेळा दाणे पडत असतात आणि कोणालाच ते जास्त वाटत नाहीत. पुढे खाणं सुरू कराल तेव्हा दिवसाचे दाणे सकाळीच एका छोट्या डबीत काढून ठेवा. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं खाणं संपलं.

निम्मं पाणी बदला. नवं पाणी अँटी-क्लोरीनचे थेंब घातलेलं किंवा २४ तास हवेचा दगड (हवेच्या पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलेलं हवं, आणि हाताला टाकीच्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार लागायला हवं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मं. एकदा निम्मं बदललं की विष निम्म्यावर येतं, दोनदा बदललं की पावावर. मासे खूप दिवस तसल्या पाण्यात असतील तर एकदम सगळं बदलण्यापेक्षा हे दोन टप्पे त्यांना सोसतात.

हवेचा पंप लावा. नसेल तर फिल्टरचं तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग ढवळत ठेवा.

जमलं तर माशाचे कल्ले नीट बघा. लाल, सुजलेले असतील तर अमोनियाकडे बोट जातं. तपकिरी, चॉकलेटी दिसत असतील तर नायट्राइट. नायट्राइट रक्तात शिरून प्राणवायू वाहण्याची त्याची ताकद काढून घेतं, म्हणून पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. यावर साधं मीठ खरोखर उपयोगी पडतं: मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. ५० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, वाटीभर पाण्यात विरघळवून हळूहळू ओता. एवढ्या मिठाने वनस्पतींना काही होत नाही. पुढे पाणी बदलाल तेव्हा जेवढं पाणी काढलं तेवढ्याच हिशोबाने मीठ घाला, दरवेळी पूर्ण चमचा नको.

निळं औषध घालू नका. मासा मरायला लागला की मेथिलीन ब्ल्यूची बाटली किंवा टेट्रासायक्लिनची कॅप्सूल हातात दिली जाते. मेथिलीन ब्ल्यूला त्याची जागा आहे, पण ती वेगळ्या बादलीत किंवा छोट्या टाकीत. मुख्य टाकीत घातलं की जे थोडेफार उपयोगी जिवाणू जमले असतील त्यांनाही ते मारतं, शिवाय काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. आणि फिल्टरला हात लावू नका.

किट घ्या

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून ठीक असेल, हा अंदाज मी पहिल्या टाकीच्या वेळी सहा महिने करत राहिलो आणि त्यापायी जे मासे गेले ते अजून आठवतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही रंगहीन आहेत. थेंबांचा टेस्ट किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) एवढं मोजता आलं पाहिजे. पैसे कमी असतील तर मासे कमी घ्या, किट टाळू नका. पट्ट्या मिळतात, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि सुरुवातीला तोच तर हवा असतो. नायट्रेटच्या चाचणीत एक बाटली जोरजोरात हलवायची असते. ते केलं नाही तर आकडा खोटा कमी येतो.

पीएचचा आकडा अमोनियाच्या शेजारी ठेवूनच वाचायचा. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एक फार विषारी आणि दुसरं बरंच निरुपद्रवी. किट दोन्हींची बेरीज दाखवतो. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर विषारी वाटा शंभरात एकापेक्षाही कमी असतो. पीएच ८ ला तो सहा-सातवर जातो, आणि ८.४ ला पंधराच्या आसपास.

पुतणीच्या प्रकरणात हेच निघालं. तिच्या सोसायटीत हिवाळ्यापर्यंत महापालिकेचं पाणी यायचं, मार्चपासून टँकर. टँकरचं पाणी बोअरवेलचं, जड, पीएच ८.३. म्हणजे आधीच्या पाण्यात लिटरला जो १ मिलिग्रॅम अमोनिया मासे कसाबसा सोसत होते, तोच आता कित्येक पट घातक झाला होता. तुमच्याकडे पाणी ऋतूप्रमाणे बदलत असेल तर नळाच्या पाण्याचा पीएच दर एक-दोन महिन्यांनी बघत जा. भरल्याभरल्या आणि २४ तास ठेवल्यावर, असा दोनदा बघा. बोअरवेलच्या पाण्यात या दोन आकड्यांत फरक पडतो.

मासे आत असतानाच सायकल करायची असेल तर

मासे आधीच आणले आहेत, परत देता येत नाहीत, अशी वेळ बहुतेकांवर येते. मग पुढचा महिनाभर रोज पाणी तपासायचं. अमोनिया आणि नायट्राइटची बेरीज लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर गेली की ३० ते ५० टक्के पाणी बदलायचं. पीएच ८ च्या वर असेल तर ०.२५ लाच बदला. हे महिनाभर करणं कष्टाचं आहे, कधीकधी रोज दोन बादल्या उचलाव्या लागतात. पण मासे वाचतात आणि वस्तीही वाढते, कारण जिवाणूंना उरलेला थोडा अमोनिया पुरतो.

खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. या काळात नवा मासा अजिबात नाही. मनी प्लांटची मुळं टाकीच्या पाण्यात सोडून पानं बाहेर ठेवली तर मोठा आधार मिळतो, ती मुळं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषतात. टाकीत हायड्रिला ही पाणवनस्पती घातली तरी चालेल. फक्त ती कुजत नाही ना, बघत राहा.

आणि कोणाकडे वर्ष-दोन वर्षं नीट चाललेली टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागा. अर्धा तुकडासुद्धा पुरे. त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, सुकू न देता, तासाभरात घरी आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. महिन्याचं काम कधीकधी आठ-दहा दिवसांत होतं. यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. मात्र त्या टाकीत रोग नाही याची खात्री करून घ्या.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दल नेहमी विचारलं जातं. काही बाटल्यांनी फरक पडतो, काहींनी अजिबात नाही. जुन्या पुस्तकांत नायट्राइट खाणारा म्हणून नायट्रोबॅक्टरचं नाव असायचं; १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांवरच्या संशोधनात ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो असं दिसलं, आणि २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंत पूर्ण काम एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला. म्हणून लेबल वाचा. नुसतं बॅसिलस लिहिलेलं असेल तर ती बाटली गाळ कुजवायला मदत करेल, सायकलला नाही. आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीतून आलेल्या बाटलीत किती जीव उरला असेल, हा प्रश्न आहेच.

मासे अजून आणले नसतील तर

मग तुम्ही नशीबवान आहात. रिकाम्या टाकीतच सायकल करा. कोणालाही त्रास न होता ती होते. फिल्टर चालू ठेवा आणि अमोनिया बाहेरून द्या. सगळ्यात सोपी रीत म्हणजे सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा जुन्या मोज्यात बांधून सोडायचा आणि कुजू द्यायचा. वास येतो, आणि आकडा हातात राहत नाही. मापात करायचं असेल तर अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. पण कल्हईसाठी मिळतो तो खडा नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. रसायनांच्या दुकानातून शुद्ध पूड घ्या. ५० लिटर पाण्यात ०.३ ग्रॅम घातलं की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. आपल्या टाकीचं पाणी किती, ते आधी काढा: लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणून ६१ ने भागलं की लिटर. २४ × १२ × १२ ची टाकी साडेछप्पन्न लिटर भरते, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ ते ५० धरा.

अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा तेवढाच डोस. जास्त घालून लवकर होत नाही, उलट ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की नायट्राइट खाणारे जिवाणू अडखळतात. ज्या दिवशी २ मिलिग्रॅम घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य दिसतं, त्या दिवशी टाकी तयार.

सायकल अडली तर

पाच आठवडे झाले, आकडा हलत नाही, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारतो, रात्री फिल्टर बंद करता का? आवाज होतो म्हणून, वीज वाचावी म्हणून, खूप घरांत तो रात्री बंद असतो. या जिवाणूंना प्राणवायू लागतो. वाहतं पाणी थांबलं की स्पंजच्या आत काही तासांत तो संपतो, आणि सकाळी फिल्टर सुरू करताना आत साचलेली घाण टाकीत येते. फिल्टर २४ तास चालला पाहिजे. वीज बराच वेळ जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप आणि साधा स्पंज फिल्टर हे महागड्या बंद डब्याच्या फिल्टरपेक्षा जास्त भरवशाचे.

दुसरं कारण थोडं लपलेलं आहे: आरओचं पाणी. माशांना चांगलं पाणी मिळावं म्हणून लोक स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी टाकीत भरतात. भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात क्षारच उरलेले नसतात. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातला कार्बोनेट खातं. किटमध्ये केएच म्हणून मोजतात तो हाच. तो संपला की पीएच कोसळतो आणि साडेसहाच्या खाली काम अगदी मंदावतं. मुंबईसारख्या ठिकाणी तलावांचं नळाचं पाणीही मुळात मऊ असतं, तिथे नुसत्या नळाच्या पाण्यानेही हे होऊ शकतं. केएच शून्य ते एक असेल तर साधं नळाचं पाणी थोडं थोडं मिसळा, किंवा फिल्टरमध्ये धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा कापडात बांधून ठेवा. खाण्याच्या सोड्यानेही काम होतं: ५० लिटरला दीड ग्रॅम सोडा केएच एका अंशाने वाढवतो.

पण टाकीत मासे असतील तर इथे फार सांभाळा. पीएच कमी असताना साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. सोडा घालून पीएच झटकन वर नेला की तो सगळा एकदम विषारी होतो आणि काही तासांत सगळे मासे दगावू शकतात. आधी अमोनिया मोजा. तो जास्त असेल तर कमी पीएचच्याच, म्हणजे टाकीसारख्याच पाण्याने पाणी बदलून खाली आणा, आणि मगच सोडा, तोही दोन-तीन दिवसांत विभागून.

तिसरं, पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास एकाएकी वाढलेला जाणवतो. टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर हाताने टाकतात, तिचं माप रोज वेगळं. नाकाला वास आला तर अँटी-क्लोरीनचा पूर्ण डोस द्या आणि शिवाय पाणी एक दिवस हवेच्या दगडावर ठेवा.

धुवायचंच असेल तर

स्पंज तुंबून पाण्याची धार बारीक झाली तरच धुवा. बदलताना काढलेलं टाकीचंच पाणी बादलीत घ्या, त्यात दोन-तीनदा हलका दाबा आणि परत बसवा. तपकिरी राहिला पाहिजे, तो रंगच हवा आहे. दोन स्पंज असतील तर एक या महिन्यात, दुसरा पुढच्या. ज्या दिवशी स्पंज, त्या दिवशी वाळू नाही.

पुतणीने चौथ्या खेपेला टाकी धुतली नाही. माझ्याकडचा अर्धा स्पंज नेला, टँकरचं पाणी दोन दिवस मुरवून वापरलं आणि वहीत रोज चार आकडे लिहिले. चौदाव्या दिवशी अमोनिया शून्य, एकविसाव्या दिवशी नायट्राइट शून्य. तिला लगेच गोल्डफिश हवे होते. दोन फुटांत ते नकोत असं मी सांगितलं, घाण फार करतात आणि वीतभर वाढतात. उरलेल्या तीन गप्पींच्या जोडीला तिने चार झेब्रा मासे आणले, पुढचे आठ दिवस खाणं निम्मं ठेवलं आणि पाणी रोज तपासलं. तिसऱ्या दिवशी अमोनिया ०.२५ दिसला, पाचव्या दिवशी पुन्हा शून्य. पुढचे मासे तिने त्यानंतर तीन आठवड्यांनी घेतले.